दुवा पोहोचला, बोलणे राहून गेले

वाचकाचे पत्र, थोडक्यात :

नाशिकच्या एका वाचक भगिनींनी सविस्तर पत्र लिहिले आहे. त्यांचे वय ५६. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बँकेतील नोकरीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. सकाळच्या फेरीत पॉडकास्ट ऐकायचे आणि दुपारी निवांत बसून चित्रपट पाहायचा, अशी सवय त्यांना त्यानंतर लागली. ‘इतकी वर्षे आपण या सगळ्याला मुकलो’ असे वाटून त्या आवडलेली प्रत्येक गोष्ट माहेरच्या सतरा जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर, बंगळूरला नोकरी करणाऱ्या मुलीला आणि दोन मैत्रिणींना पाठवू लागल्या. पॉडकास्ट करमणुकीचे आणि चित्रपट विचार करायला लावणारे, अशी वाटणी त्यांनी मनाशी केली आहे. वर्षभरात शंभराहून अधिक दुवे (लिंक) पाठवले. उत्तरादाखल कधी अंगठा आला, पुष्कळदा तोही आला नाही. भाऊबीजेला सारे त्यांच्या घरी जमले असताना त्यांनी ‘कोर्ट’ हा चित्रपट लावला. वीस मिनिटांत निम्मी मंडळी मोबाइलमध्ये डोके घालून बसली आणि धाकट्या भावाने ‘ताई, जरा हलकंफुलकं लाव ना’ म्हटल्यावर त्यांनी टीव्हीच बंद केला.

त्यांच्या मनाला खरी लागलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. थोरल्या वहिनींच्या वडिलांना स्मृतिभ्रंश झालेला आहे आणि ते वहिनींकडेच राहतात. ‘तुम्हाला नक्की उपयोग होईल’ असे लिहून त्यांनी वहिनींना ‘अस्तु’ पाहायला सुचवला. वहिनींकडून उत्तर आले नाही, आणि तेव्हापासून त्या फोनवरही तुटक बोलतात. मुलीकडे हे बोलून दाखवले, तर ती म्हणाली, ‘आई, तू लिंक पाठवतेस, पण बोलत नाहीस.’ भाचा त्यांना अधूनमधून तीन-तीन तासांचे पॉडकास्ट पाठवतो, ‘पण एवढा वेळ कोणाला असतो’, हेही पत्रात ओघाने आले आहे. त्या विचारतात : मी माझी आवड दुसऱ्यांवर लादते आहे का? की आताशा कोणाला काही गंभीर पाहायचेच नसते? सुचवणे बंदच करून टाकावे का?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सुचवणे बंद करू नका. आयुष्याची तीसेक वर्षे ताळेबंद जुळवण्यात घालवलेल्या बाईला निवृत्तीनंतर एक नवे दालन उघडे होते आणि तिच्या मनात पहिला विचार येतो तो ‘हे वहिनीला दाखवले पाहिजे, मुलीला ऐकवले पाहिजे’ असा. ही ओढ जपण्यासारखी आहे. आवडलेला पदार्थ वाटीत घालून शेजारी नेऊन देण्याची जी आपली रीत, तिचेच हे रूप. मात्र वाटी नेऊन देताना आपण दार वाजवतो, दोन शब्द बोलतो, घरात कोणाला मधुमेह आहे हे लक्षात ठेवतो. तुमच्या पत्रातील बहुतेक दुखणी, मला वाटते, एवढ्याशाच फरकातून उद्भवली आहेत.

पत्रात तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे : उत्तर आले नाही, म्हणजे आवडले नाही, किंवा त्याहून वाईट, म्हणजे माझी किंमत नाही. हे गृहीतक जरा तपासून पाहू. सतरा जणांच्या गटावर तुमचा दुवा ज्या क्षणी पडतो, त्याच्या मागेपुढे कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात, सुप्रभातचे गुलाब असतात, कोणाचे तरी गॅसच्या पावतीविषयीचे विचारणे असते. त्या गर्दीत ‘हे जरूर पाहा’ हे वाक्य नेमके कोणाला उद्देशून आहे, हे वाचणाऱ्याला कळत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. सतरा जणांना मिळून पाठवलेल्या चित्रपटाचे याहून काय वेगळे होणार? प्रत्येकाला वाटते, दुसरा कोणीतरी पाहील आणि ताईला कळवील.

शिवाय थोडा हिशेब करा. तो तर तुमचा हातचा विषय. शंभर दुव्यांपैकी निम्मे पॉडकास्ट, तासाभराचे, आणि निम्मे चित्रपट, दोन तासांचे धरले, तरी दीडशे तास होतात. रोजचे आठ तास धरले, तर कामाचे जवळपास एकोणीस दिवस भरले. तुम्ही निवृत्त झालात, ते झालेले नाहीत. तुमचा धाकटा भाऊ रात्री साडेनऊला घरी येऊन जेवत असेल, तर त्याने पाठवलेला अंगठा हा ‘वाचले, तुझी आठवण आहे, पण जमत नाही’ एवढ्या अर्थाचा असू शकतो. त्याला नकार समजण्याची घाई तुम्ही केलीत, असे मला वाटते.

येथे माझ्या लहानपणची एक आठवण सांगतो, कारण सुचवणे म्हणजे काय हे मी पहिल्यांदा तेथे शिकलो. आमच्या शेजारच्या काकू वाचनालयातून दिवाळी अंक आणत. अंक पूर्ण वाचून झाला की परत करण्यापूर्वी दोन दिवस तो त्या मला देत, आणि त्यात वाणसामानाच्या यादीचा अर्धा फाडलेला कागद खूण म्हणून घातलेला असे. एका बाजूला साखर, रवा, तूरडाळ; दुसऱ्या बाजूला पेन्सिलीने बारीक अक्षरात, ‘पान ११२. दुपारी वाच, रात्री नको.’ मी तेव्हा सातवीत होतो आणि माडीवरच्या खोलीत एकटा झोपत असे, हे त्यांना ठाऊक होते. अंकातल्या वीस-पंचवीस कथांमधून त्यांनी माझ्यासाठी एक निवडली होती आणि ती कोणत्या वेळी वाचावी याचाही विचार केला होता. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी घरांतून असे किती अंक, किती खुणा घातलेले, या घरातून त्या घरात गेले असतील. त्या कागदामुळे कथा चांगली झाली नाही. पण मी ती वाचली, आणि काकूंनी माझा विचार केला हे आज इतक्या वर्षांनीही माझ्या लक्षात आहे.

आता वहिनींविषयी. येथे मला अधिक थांबायचे आहे, कारण पत्रातील हा भाग वाचताना मला तुमची आणि वहिनींची, दोघींचीही काळजी वाटली.

‘अस्तु’ हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २०१३ सालचा चित्रपट. संस्कृतचे गाढे अभ्यासक असलेल्या एका वृद्ध गृहस्थांची स्मृती विझत चालली आहे. मुलगी त्यांना गाडीत थोडा वेळ बसवून जाते, तेवढ्यात ते रस्त्यावरून जाणाऱ्या हत्तीमागे चालू लागतात आणि हरवतात. मग मुलीची शोधाशोध, आणि दुसरीकडे माहुताच्या बायकोने त्यांना लेकरासारखे सांभाळणे. डॉ. मोहन आगाशे यांनी ती भूमिका केली आहे आणि ते स्वतः मानसोपचारतज्ज्ञ आहेत. अमृता सुभाष यांना माहुताच्या बायकोच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपट अतिशय जबाबदारीने केलेला आहे. तुम्ही तो पाहून हेलावलात आणि वहिनींची आठवण झाली, यात गैर काहीच नाही.

पण तोच चित्रपट वहिनींच्या जागी बसून पाहा. तुम्हाला त्यात करुणा दिसली. त्यांना पहिल्या अर्ध्या तासात काय दिसणार? लेकीची नजर थोडी ढळली आणि वडील नाहीसे झाले. जी बाई रात्री दोनदा उठून दाराची कडी वर सरकवलेली आहे ना हे बघते, आंघोळीला जाताना दुसऱ्या कोणाला तरी बाहेर बसवून जाते, तिच्या मनातली सगळ्यात मोठी भीती पडद्यावर उभी राहणार. दुसऱ्याच्या घरातल्या दुःखाविषयी आपल्याला समज देणारी कलाकृती त्या दुःखात उभ्या असलेल्या माणसाला समज देतेच असे नाही. त्याला ती समज केव्हाच आलेली असते, आणि तीही फार मोल देऊन.

‘तुम्हाला नक्की उपयोग होईल’ हे वाक्यही मला खटकले, ते स्पष्ट सांगितलेले बरे. उपयोग होईल म्हणताना आपण नकळत असे सुचवतो की समोरच्याला काहीतरी कळायचे राहिले आहे. तुमच्या माहेरच्या साऱ्या गोतावळ्यात या आजाराविषयी सर्वांत अधिक जर कोणाला कळत असेल, तर ते वहिनींना. त्यांना त्या दिवशी कदाचित हवे होते ते एवढेच, की कोणीतरी येऊन वडिलांपाशी दोन तास बसावे आणि आपण बाहेर पडून एखादा बिनडोक, हसवणारा सिनेमा पाहून यावे.

अर्थात हा माझा अंदाज आहे. वहिनींनी चित्रपट पाहिलाच नसेल, तुमचा निरोप दिवसभराच्या धावपळीत वाहून गेला असेल, आणि फोनवरचा तुटकपणा केवळ थकव्याचा असेल, हेही तितकेच शक्य आहे. न बोललेल्या गोष्टीतून तुम्ही एक आणि मी दुसरा निष्कर्ष काढावा, हे दोन्ही थांबवण्याचा मार्ग म्हणजे त्यांना विचारणे. खुलाशाचा लांबलचक निरोप लिहू नका. तो वाचण्याचे आणि त्याला उत्तर देण्याचे आणखी एक काम त्यांच्यावर पडेल. फोन करा आणि चित्रपटाचा विषय अगदी थोडक्यात काढा : ‘वहिनी, तो सिनेमा मी घाईने सुचवला. तुमच्या मनाचा विचार करायला हवा होता. येत्या शनिवारी दुपारी मी येऊन काकांजवळ बसते, तुम्ही जरा बाहेर पडा.’ आणि शनिवारी खरोखर जा. पुढे कधी त्यांनाच तो चित्रपट पाहावासा वाटला, तर शेजारी बसा, आणि त्यांनी मध्येच बंद केला तर कारण विचारू नका.

हे केवळ स्मृतिभ्रंशापुरते नाही. ज्यांच्या घरी नुकतेच कोणी गेले आहे, ज्यांचे मूल आजारी आहे, ज्यांचे लग्न मोडण्याच्या बेतात आहे, अशांना त्याच विषयावरचा चित्रपट किंवा मुलाखत पाठवण्याचा मोह आपल्यापैकी अनेकांना होतो. आधी विचारावे : ‘या विषयावरचे एक फार चांगले काहीतरी माझ्या पाहण्यात आले आहे, तुला आत्ता हवे आहे का, की नंतर कधी?’ नंतर कधी, असे उत्तर आले तर ते मनापासून स्वीकारावे.

भाऊबीजेच्या ‘कोर्ट’कडे वळतो. तेथे तुमची निवड चुकली असे मी म्हणणार नाही. तुमची वेळ चुकली. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटाला २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात पुरस्कार मिळाले आणि पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळे गटार साफ करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप ठेवून चाललेला हा खटला आहे. त्यात कॅमेरा बहुतेक वेळा लांब, एका जागी ठाम बसून राहतो, न्यायालयाच्या बाकावर बसलेल्या माणसासारखा. मुख्य बोलणे संपले तरी दृश्य संपत नाही. तारीख पडते, पुढचे नाव पुकारले जाते, पंखा फिरत राहतो. ते कंटाळवाणे वाटावे इतके संथ आहे आणि त्या संथपणातच त्याचे म्हणणे आहे. हे म्हणणे अंधारात, शांततेत, मध्ये कोणी न उठता पाहणाऱ्यापर्यंत पोहोचते. तुमच्या हॉलमध्ये त्या वेळी ओवाळणीची ताटे उचलली जात होती, चकल्यांचा डबा फिरत होता, लहान मुले उड्या मारत होती. अशा ठिकाणी ‘कोर्ट’ लावणे म्हणजे मंगल कार्यालयात जेवणाची पंगत बसलेली असताना कोणाला तरी विलंबित ख्याल गायला सांगणे. गाणाऱ्याचाही अपमान आणि जेवणाऱ्यांचीही पंचाईत.

आणि भाऊ ‘हलकंफुलकं लाव’ म्हणाला, याचा अर्थ त्याला गंभीर काही नको असा तुम्ही काढलात. येथे मला तुमच्या त्या वाटणीविषयी, पॉडकास्ट करमणुकीचे आणि चित्रपट विचाराचे, थोडे बोलायचे आहे. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली जे साप्ताहिक काढले त्याचे नावच ‘करमणूक’ होते, आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही विधवांच्या छळाची, वाचताना जीव कासावीस करणारी कादंबरी त्याच ‘करमणुकी’तून क्रमशः प्रसिद्ध झाली. आकाशवाणीवर ‘पुन्हा प्रपंच’ ही कौटुंबिक मालिका लागायची तेव्हा टेकाडे भावजींच्या बोलण्याला घर हसायचे आणि हसता हसता महागाई, नोकरी, सासू-सून यांविषयी मोठी माणसे विचारही करायची. करमणुकीला आपल्याकडे कधीच हलके मानलेले नव्हते. तेव्हा घरच्या मेळाव्यासाठी परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावून पाहा. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ कसा घडवला याची ती हसतखेळत सांगितलेली गोष्ट आहे, लांबीला आटोपशीर आहे, मध्येच चहा आणायला उठलेला माणूस परत येऊन धागा पकडू शकतो, आणि तरी घरातले किडूकमिडूक विकून एका वेडापायी उभ्या राहिलेल्या जोडप्याविषयी रात्री झोपताना मनात काहीतरी उरते. मुले असतील तर अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ पाहा : वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेल्या मुलाची गोष्ट. बर्लिनच्या महोत्सवात २०१४ साली मुलांच्याच परीक्षक मंडळाने त्याला पुरस्कार दिला होता, त्यामुळे मुलांना तो कळेल की नाही ही शंका मनात आणू नका. इतर चित्रपट लावताना प्रमाणपत्र मात्र जरूर पाहा. २०२४ च्या नियमांपासून ‘यूए’ श्रेणीत ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग केलेले आहेत आणि आजी-नातवंडांनी एकत्र बसून पाहायचे असेल तेव्हा त्याचा खरोखर आधार होतो.

पॉडकास्टही कानात बोंडे खुपसून एकट्यानेच ऐकायचे असे कुठे आहे? पुढच्या वेळी भावाच्या गाडीतून मुंबईला निघाल तेव्हा कसारा घाट उतरताना एखादा अर्ध्या तासाचा भाग स्पीकरवर लावा. गाडीत कोणी उठून जात नाही, आणि मध्ये थांबवून ‘हे काही पटले नाही बुवा’ म्हणण्याची सगळ्यांना मुभा असते.

सुचवावे कसे, याचे एक जुने शास्त्र आपल्याकडे आहे, ते फिल्म सोसायट्यांचे. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ साली सुरू झाले. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून आहे, आणि फिल्म इन्स्टिट्यूटमधील प्राध्यापक सतीश बहादुर यांनी चित्रपट कसा पाहावा हे शिकवत गावोगावच्या प्रेक्षकांना तयार केले. मी विद्यार्थी असताना आमच्या गावातील अशाच एका मंडळात जात असे. खेळाआधी एक वयस्क सभासद उठून पाचच मिनिटे बोलत. गोष्ट सांगत नसत. चित्रपट किती मिनिटांचा आहे, कोणत्या देशातला, त्या काळी तेथे काय चालले होते, आणि आज जरा खिडक्यांकडे लक्ष ठेवा, किंवा आज पात्रे गप्प असतात तेव्हा कान द्या, असे काहीतरी एक सांगून ते खाली बसत. संपल्यावर अर्धा तास चर्चा चाले, आणि ‘मला कळला नाही’ म्हणणाऱ्याला त्या चर्चेत पहिला मान असे. त्या पाच मिनिटांमुळे मी कितीतरी चित्रपट शेवटपर्यंत पाहिले, जे एरवी मी वीस मिनिटांत सोडले असते.

तुमच्या दुव्यासोबत अशीच पाच ओळींची प्रस्तावना जाऊ द्या, तीही एकाच माणसाला उद्देशून. समजा, तुमची मैत्रीण पुढच्या महिन्यात निवृत्त होते आहे आणि जपानी दिग्दर्शक कुरोसावांचा ‘इकिरु’ तिला दाखवावा असे तुमच्या मनात आहे. तर असे लिहा : ‘१९५२ चा जपानी चित्रपट आहे, कृष्णधवल, १४३ मिनिटे, खालची अक्षरे वाचावी लागतील. सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेल्या माणसाला पोटाचा कर्करोग झाल्याचे कळते, तेथून सुरू होतो. म्हणून मन शांत असेल त्या दिवशीच पाहा. मला आपली टेबले आणि आपले शिक्के आठवले. पाहिलास तर झोपाळ्याच्या दृश्याबद्दल तुझ्याशी बोलायचे आहे. नाही जमला तरी चालेल.’ यात लांबी आली, भाषा आली, काय झोंबेल ते आले, तिलाच का सुचवता आहात ते आले आणि न पाहण्याची मोकळीकही आली. असे महिन्यातून दोनदा लिहिणे तुम्हाला पुरे होईल. शंभर दुव्यांसाठी असे लिहिता येणार नाही, आणि तेच चांगले आहे.

बारीकसारीक अडचणींचाही विचार करावा, कारण चांगली शिफारस बहुधा तेथेच अडते. वडीलधाऱ्यांना पळती इंग्रजी अक्षरे वाचवत नाहीत. बारा ज्युरींच्या बंद खोलीतला ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) त्यांना दाखवायचा असेल, तर बासू चटर्जींनी त्यावरून हिंदीत केलेला ‘एक रुका हुआ फैसला’ (१९८६) लावावा. नाट्य तेच, आणि पंकज कपूर यांचा अभिनय तर अक्षरांविना थेट भिडतो. ओटीटीवरचा चित्रपट आज आहे तर उद्या नसतो, म्हणून पाठवण्याआधी तो सध्या कोठे आहे, त्यासाठी वेगळे पैसे पडतात का, हे स्वतः पाहून लिहावे. दीड तासाच्या पॉडकास्टमधील जी वीस मिनिटे तुम्हाला आवडली ती कोणत्या मिनिटापासून सुरू होतात ते सांगावे. यूट्यूबवर नेमक्या त्या मिनिटापासूनचा दुवा देता येतो.

ज्यांच्याकडे असे दुवे येत राहतात, अशा वाचकांनाही एक विनंती. ‘या महिन्यात जमणार नाही, सुट्टीत पाहीन’ एवढे एक वाक्य लिहायला अंगठ्याहून फारसा अधिक वेळ लागत नाही. आणि अर्धवट पाहून सोडून दिलेला चित्रपटही ‘येथपर्यंत पाहिला, पुढे मन लागेना’ असे सांगण्याजोगा असतो. पाठवणाऱ्याला त्यातून तुम्ही अधिक कळता.

आता तुमच्या मुलीचे वाक्य. ‘तू लिंक पाठवतेस, पण बोलत नाहीस.’ तुमच्या पत्रात हे वाक्य तक्रारीसारखे आले आहे. मला ते आमंत्रण वाटले. तुमच्या पत्रात चित्रपटांविषयी इतके लिहिलेले आहे, पण ते पाहून संपल्यावर, दुपारच्या त्या रिकाम्या घरात, तुम्हाला कसे वाटते याविषयी एक ओळही नाही. बँकेत दिवसभर माणसांचा राबता असायचा. आता एखादा चित्रपट मनात खळबळ उडवून संपतो आणि शेजारी बोलायला कोणी नसते, तेव्हा हात आपोआप मोबाइलकडे जातो आणि दुवा पाठवला जातो. त्या दुव्यात खरे म्हणणे असते ते ‘माझ्याशी याविषयी बोल’. ते मुलीला कळले आहे; तुम्ही ते शब्दांत सांगावे, एवढीच तिची अपेक्षा असावी. तिला एकदा स्पष्ट सांगा की निवृत्तीनंतर मला गप्पांची फार उणीव भासते. मग दोघींनी मिळून महिन्यातला एक शनिवार ठरवा : रात्री साडेनऊला तिने बंगळूरला आणि तुम्ही नाशिकला तोच चित्रपट सुरू करायचा, आणि संपल्यावर फोन. एका महिन्यात निवड तुमची, दुसऱ्या महिन्यात तिची. तिने निवडलेला चित्रपट तुम्हाला थिल्लर वाटला तरी शेवटपर्यंत पाहायचा आणि तिला तो का आवडतो हे आधी विचारायचे, मत नंतर द्यायचे. दोन्ही मैत्रिणींसाठीही असेच करता येईल. तीन जणी, एक हॉल, महिन्यातला पहिला रविवार आणि संपल्यावर चहा, इतक्या बळावर आपल्याकडे चित्रपट मंडळे सुरू झालेली आहेत.

लादणे आणि सुचवणे यांतला फरक तुम्ही विचारला होता. सुचवणाऱ्याला उलट बाजूने आलेले घेताही यावे लागते, असे मी म्हणेन, आणि म्हणून तुमच्या भाच्यापाशी येतो. ‘एवढा वेळ कोणाला असतो’ असे तुम्ही त्याच्या पॉडकास्टबद्दल लिहिलेत, तेव्हा गटावरच्या सोळा जणांच्या मनातलेच वाक्य तुम्ही लिहून गेलात. या लांबीलाही एक कारण आहे. अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ हा पॉडकास्ट २०१७ साली सुरू झाला तेव्हा त्याचे भाग छोटे असत. पुढे ते वाढत कित्येक तासांचे झाले आणि तरी लोक ऐकत राहिले, कारण ते एका बैठकीत ऐकायचेच नसतात. तरुण मुले ते भांडी घासताना, लोकलमध्ये, कपडे वाळत घालताना चार-पाच दिवसांत मिळून संपवतात. तुमच्या सकाळच्या फेरीला तर असे भाग फारच सोयीचे. भाच्याने आत्याला आवर्जून काहीतरी पाठवावे, तेही पुन्हा पुन्हा, उत्तर येत नसताना. ती निवड त्याने तुमच्यासाठीच केलेली असणार. त्याने शेवटचा जो पाठवला आहे तो उद्या सकाळी घराबाहेर पडतानाच लावा, परतताना जेथवर आला असेल तेथे थांबवा, आणि त्याला अंगठा न पाठवता फोन करून सांगा, ‘चाळीस मिनिटे ऐकून झाली, पुढचे उद्या ऐकते. मला सांग, तुला यातले कोणते आवडले?’